फायनल फँटसी १४, नऊ महिन्यांनंतर: तिघांनी शाबासकी दिली, मला एकालाच देता आली

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला, फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममधल्या ऑरम वेल या डंजनच्या (गटाने पार करायच्या मोहिमेच्या) पहिल्या बॉससमोर, म्हणजे मोठ्या शत्रूसमोर, उभे असतानाच लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, राउटर मात्र बंद. गेमने जुळवून दिलेल्या आम्हा चौघांत हीलर, म्हणजे बाकीच्यांचा जीव भरून काढणारी, मी एकटीच. हीलरशिवाय त्या बॉसला हात लावण्यात अर्थ नाही, हे ते डंजन केलेल्यांना सांगायला नको. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून पुन्हा आत यायला पाच-सहा मिनिटं गेली. एवढ्या वेळात बाकीचे मतदान करून मला काढू शकले असते, आणि त्यांना दुसरा हीलर मिळालाही असता. आत आले तर तिघंही जागच्या जागी बसलेले. चॅटमध्ये एकाने लिहिलं, 'ओकाएरी'. बाहेरून घरी आलेल्या माणसाला जपानी लोक असं म्हणतात. आपल्याकडचं 'आलीस का गं' समजा. डंजन संपवून बाहेर पडले तेव्हा मला ३ कमेंडेशन, म्हणजे सोबत्यांनी दिलेली शाबासकीची मतं, मिळाली होती. म्हणजे तिघांचीही.

खोळंबा मी केला आणि शाबासकीही मलाच. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी अजून फुकटच खेळते. फ्री ट्रायलला दिवसांची मर्यादा नाही आणि लेव्हल ७०पर्यंत, म्हणजे स्टॉर्मब्लड या विस्तारापर्यंतचं सगळं खेळता येतं. ग्राफिक्स, कथा वगैरेंवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. माझं कॅरेक्टर जपानमधल्या एलिमेंटल डेटा सेंटरवर, म्हणजे तिथल्या सर्व्हरवर, आहे. साताऱ्याहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास राहतो आणि तेवढ्यात भागतं.

पहिले तीन महिने मी लान्सर, म्हणजे भाला मारणारी, होते. तेव्हा कमेंडेशन कुणाला मिळतात असं कोणी मला विचारलं असतं, तर ती टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा) आणि हीलरची आपसातली देवाणघेवाण आहे असं मी ठामपणे सांगितलं असतं. डंजन संपल्यावर प्रत्येकाला एकच मत, आणि तेही सोबत रांग लावून आलेल्या मित्राला देता येत नाही. हा नियम चांगलाच आहे, वशिलेबाजी तिथेच संपते. पण टँकने बॉस अडवलेला दिसतो, हीलरने जीव वाचवलेला दिसतो. भाला मारणाऱ्याने किती डॅमेज दिलं हे गेम कुणालाच दाखवत नाही आणि ते मोजणारी बाहेरची साधनं वापरायला बंदी आहे. जे दिसत नाही त्याला मत कोण देणार? मन लावून रोटेशन, म्हणजे वारांचा ठरलेला क्रम, शिकले, आणि आठवडाभरात हाती एखादं कमेंडेशन. फार वाईट वाटायचं.

मग कॉन्जरर हा हीलरचा वर्ग घेतला, पुढे त्यातूनच व्हाइट मेज झाले आणि कमेंडेशन भराभर येऊ लागली. सुरुवातीला वाटलं, झालं, माझंच म्हणणं खरं ठरलं. पण महिनाभराने एक गोष्ट ध्यानात आली. शांतपणे हील करून निघून गेले की बेताचीच मिळायची. ऑरम वेलमध्ये गोल्ड लंग नावाचा त्रास चढत जातो आणि तो उतरवायला मॉर्बोल फळ खावं लागतं, हे नव्या माणसाला माहीत नसतं. मी सुरू करण्याआधी दोन ओळी लिहायचे आणि वेळ आली की आधी स्वतः फळापाशी जायचे. ज्या दिवशी हे केलं, त्या दिवशी दोन-तीन ठरलेली. भाषेची अडचणही फारशी येत नाही, कारण ऑटो-ट्रान्सलेटच्या यादीतला शब्द निवडला की समोरच्याला तो त्याच्या भाषेत दिसतो.

तेव्हापासून माझं मत बदललं. या गेमने माणसांना चांगलं वागायची सवय लावलीय आणि त्यात हुशारीही आहे. गटात कुणी ते डंजन पहिल्यांदाच करत असेल, तर पूर्ण झाल्यावर सगळ्यांनाच जादा बक्षीस मिळतं. त्यामुळे नवखा आला की लोक वैतागत नाहीत, खूश होतात. मिळालेली कमेंडेशन कधी कमीही होत नाहीत. ओव्हरवॉच या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये २०१८ साली एंडोर्समेंट, म्हणजे अशीच शाबासकी, आली, तिथे ती मिळेनाशी झाली की पातळी घसरते. मला हे न घसरणारं आवडतं. शिवाय जपानी खेळाडूंची रीत: सुरुवातीला 'योरोशिकु' (सांभाळून घ्या), शेवटी 'ओत्सुकारेसामा' (दमलात, छान केलंत). आपण निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तसं ते माझ्या तोंडात बसलंय.

मेंटॉरच्या, म्हणजे नव्यांना मदत करणाऱ्याच्या, नावापुढच्या मुकुटाबद्दल मात्र माझं मत तितकं चांगलं नाही. लढाईचा मेंटॉर व्हायला १,५०० कमेंडेशन लागतात, त्याच्या रूलेटमधून (गेम देईल ती मोहीम करायची रांग) २,००० वेळा पार पडलं की अ‍ॅस्ट्रोपे नावाचं वाहन मिळतं. वाहनासाठीच मुकुट घातलेले आणि एक शब्दही न बोलणारे बरेच भेटले. अडीअडचणीला उपयोगी पडले ते बहुतेक बिनमुकुटाचेच.

आता त्या एका मताबद्दल. मंगळवारी तिघं थांबले होते. मतांची खिडकी उघडली आणि मला एकच नाव निवडायचं होतं. ओकाएरी म्हणणाऱ्या टँकला दिलं. उरलेले दोघं तितकेच थांबले होते, त्यांना काहीच देता आलं नाही. कमेंडेशन कुणाकडून आलं हेही गेम सांगत नाही, म्हणजे माझं मत माझंच होतं हे टँकलाही कळणार नाही. आणि फ्री ट्रायलवाल्याला स्वतःहून खासगी निरोप पाठवता येत नाही. गट मोडला की आभार मानायची वाट बंद. ओव्हरवॉचमध्ये एंडोर्समेंट आली तेव्हा एका सामन्यात तिघांना देता यायची. इथे चौघांच्या गटात निदान दोन मतं द्यायला काय हरकत आहे? नऊ महिन्यांत मला या गेमची सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच, आणि ती रोज खटकते.

एकदा पैसे भरले की त्या खात्यावर पुन्हा फुकटात परतता येत नाही, म्हणून इतके दिवस टाळत होते. पुढच्या महिन्यात भरणार आहे. लेव्हल ७०च्या पुढचं काही मला इतक्यात नकोय, पण निरोप पाठवता येतील. त्या दोघांची नावं वहीत लिहून ठेवलीत. राउटरसाठी छोटा यूपीएसही मागवलाय, शनिवारी येईल.