टर्बो काढलेली ऑक्टाव्हिया आरएस: वाळूजच्या गॅरेजचं काम

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या या गॅरेजला पाचपैकी साडेचार तारे. माझ्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या 1.8 लिटर इंजिनाचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, काढून त्यांनी ते नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे स्वतःच हवा ओढणारं, करून दिलं. मूळची 150 अश्वशक्ती राहणार नाही, हे मिस्त्रीमामांनी आधीच सांगितलं होतं. "टर्बो नुसता काढला तर गाडी मेल्यागत चालंल, साहेब. आतलं बदलावं लागंल."

टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. यात साडेनऊला एक. मामांनी नवे पिस्टन घालून ते अकरापर्यंत नेलं, झडपा उघडणारे कॅमशाफ्ट बदलले, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नव्याने ट्यून केला. चारही सिलिंडरचे एक्झॉस्ट पाइप सारख्या लांबीचे, स्वतः वाकवून जोडलेले. ते वेल्डिंग बघायला तरी एकदा जाच!

आता पाय दाबला की गाडी त्याच क्षणी उचलते, आधी रेंगाळणं आणि मग झटका हा प्रकार नाही. दौलताबादहून वेरूळकडे जाताना घाटाच्या वळणांवर याचं खरं सुख. मे महिन्यात टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर तापला की ताकद पडायची, तेही गेलं. मात्र कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, ओढ नाही. चढावर गिअर खाली घ्यावाच लागतो. पेट्रोल 95 ऑक्टेनचं टाका, नाहीतर नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठकठकतं.

अर्धा तारा कापला तो कागदपत्रांसाठी. आरटीओची परवानगी आणि विमा कंपनीला कळवणं, दोन्ही आपल्यालाच करावं लागतं. काम देण्याआधीच ते उरकून घ्या.