सहा जणांचे 57,000 बुडाले, ठेकेदार ‘आपल्याच गावाकडचा’ होता

पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर उभं राहणाऱ्याला ठेकेदार मजुरी कशी बुडवतो हे सांगायला नको. तरी आम्ही फसलो. लाज वाटते, पण तोच माणूस आज दुसरीकडे माणसं भरत असेल.

दोन गवंडी 1,000 रुपये रोजाने, चार बिगारी 650 ने. दिवसाचे 4,600. पहिले तीन दिवस संध्याकाळी रोख हातात. चौथ्या दिवशी म्हणाला, “आता खर्ची, म्हणजे वरखर्चापुरते पैसे, घ्या, हिशोब प्लास्टर संपल्यावर एकदम.” आणि त्याच दमात, “गावाकडची अजून चार माणसं बोलवा.” इथेच कळायला हवं होतं! सहा जणांचा रोज ज्याच्याकडे नाही, त्याला आणखी चार कशाला? हजेरीची वहीही त्याच्याच खिशात. आणखी 15 दिवस राबलो, दोन शनिवारी माणशी 1,000 खर्ची मिळाली, मग फोन बंद. 69,000 मधून 12,000 वजा करा.

वही आपली ठेवा. रोज संध्याकाळी हजेरी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, बाकी तीन रोजांच्या वर चढू देऊ नका.

बावळट नव्हतो आम्ही. सकाळचे दहा वाजले की अड्ड्यावरचा दिवस बुडतो. पाहुण्यांच्या ओळखीने पंधरा-वीस दिवसांचं काम आलं तर कोण नाही म्हणेल? काम, खोली, किराण्याची उधारी, सगळं ओळखीवरच चालतं. अड्ड्यावर बुडव्याचा चेहरा चार जणांना माहीत असतो. म्हणून हा अड्ड्यावर आलाच नाही, पाहुण्याच्या फोनवरून आला.

चौकीत म्हणाले, दिवाणी मामला आहे. कामगार कार्यालयात विचारलं, हजेरीपत्रक कुठंय, ठेकेदाराचा पत्ता काय, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे का? अहो, नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि दाखला देणाराच पळालाय! बिल्डरकडे गेलो तर, “आम्ही ठेकेदाराला दिले.” ठेकेदाराने बुडवली तर मजुरी मूळ मालकाने द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलेलं होतं (तो कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता). तो मुद्दा काढला तर म्हणे, ठराविक संख्येच्या वर मजूर असतील तरच तो लागू, आधी साइटवर मजूर किती होते ते सिद्ध करा. कशाने? साइटच्या बोर्डाचा, ठेकेदाराच्या गाडीच्या नंबरचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. आम्ही काढला नाही. तीन हेलपाट्यांत सहा जणांचे 13,800 रुपयांचे रोज बुडाले, म्हणजे त्याने रोख दिलेले तेवढेच.

दोन बिगारी पोरं एका गवंड्याच्या शब्दावर गावाहून आली होती. त्यांचे 15,500 घरचे आता त्या गवंड्याकडे मागतायत.