गॅलगा घरच्या टीव्हीवर: आधी दोन गोळ्या मोजा

सांगली-साताऱ्यात दुकानात ‘टीव्ही गेम’ मागितला की बहुतेक वेळा जपानी फॅमिकॉमची (निन्टेन्डोच्या जुन्या गेम-संचाची) नक्कल हातात पडते, आणि सोबतच्या कॅसेटच्या यादीत गॅलगा या जहाजाने शत्रू टिपायच्या अंतराळ-खेळाचं नाव दिसतं. पैसे देण्याआधी दुकानातच लावून बघा. नाव गॅलगाचं आणि आत त्याच्या आधीचा गॅलॅक्सियन, असा घोळ होऊ शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: फायरचं बटण पटकन दोनदा दाबा. पडद्यावर एकच गोळी दिसली तर तो १९७९ चा गॅलॅक्सियन. दोन दिसल्या तरच १९८१ चा गॅलगा. कॅसेटवरच्या ‘९९९९९९ इन १’ला भुलू नका, आत मोजकेच गेम फिरून फिरून येतात.

या दोन गोळ्यांतच जपानच्या नामको कंपनीच्या या खेळाचा जीव आहे. दोन्ही हुकल्या तर त्या पडद्याबाहेर जाईपर्यंत तुमचे हात बांधलेले. लागल्या तर लगेच पुढच्या दोन तयार. म्हणून नकली रिमोटवरचं टर्बो बटण, म्हणजे दाबून धरलं की आपोआप गोळ्या सोडणारं, इथे घात करतं. नेम नसताना दोन्ही गोळ्या उडून जातात आणि नेमका त्याच क्षणी बॉस, म्हणजे शत्रूंचा म्होरक्या, अंगावर येतो. टर्बो बंद ठेवा, शत्रू ओळीने आत शिरतात त्या वाटेखाली उभे राहा आणि एकेक गोळी मोजून सोडा.

दुहेरी, म्हणजे दोन जहाजं जोडून एकत्र लढणारं, जहाज मिळवायचं तर किमान एक जहाज शिल्लक हवं. बॉसला दोन गोळ्या लागतात. त्याने निळसर किरणात तुमचं जहाज ओढून नेलं की नव्या जहाजाने थांबा. तो खाली झेपावेल तेव्हाच त्याला मारा. रांगेत असताना मारलात तर जहाज सुटून तुमच्याकडे येत नाही. लाल झालेलं आपलंच जहाज टिपू नका, ते कायमचं जातं. दोन जहाजं जुळली की चार गोळ्या मिळतात, पण रुंदी दुप्पट झाल्याने मार चुकवणं कठीण होतं. तरीही हा सौदा घ्यावाच, कारण तिसऱ्या आणि मग दर चौथ्या टप्प्यावर येणाऱ्या बोनस फेरीत सगळे ४० शत्रू टिपले तर १०,००० गुण मिळतात, आणि एका जहाजाने ते जमणं फार अवघड.

मूळ आर्केड मशीनचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्राचा, पडदा उभा होता, २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. फॅमिकॉमवर (१९८५) तो आडवा झाला आणि गुण उजव्या पट्टीत गेले. उंची कमी झाल्याने शत्रू लवकर अंगावर येतात. हुकलेली गोळीही लवकर संपते, त्यामुळे मूळचा ताण थोडा सैलावतो. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त आकृत्या आल्या की चित्र लुकलुकतं. ती फॅमिकॉमची मर्यादा आहे, कॅसेट खराब नाही. तरीही रचना, झेप, किरण सगळं शाबूत आहे. आमच्या मते त्या काळातलं हे फार चांगलं रूपांतर. अटारी ७८०० या अमेरिकी गेम-संचावरचं खेळायला बरं, आवाजात मात्र फिकं.

इथल्या संचांची खरी अडचण वेगळी आहे. त्यांचा सिग्नल साधारणपणे पाल, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमचा. खेळाची गती फ्रेमला बांधलेली, त्यामुळे ६० च्या जपानी संचापेक्षा खेळ आणि संगीत दोन्ही सहाव्या हिश्शाने मंद. नवख्याला हे सोयीचं, सरावलेल्याला जड. त्यात एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो. सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो आधी चालू करा. जुना काचेचा टीव्ही घरात असेल तर तोच लावा.

पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेने कॅसेटच्या पट्ट्यांवर मळ धरतो आणि पडद्यावर चौकोनी कचरा दिसू लागतो. फुंकर मारू नका, तोंडाची ओल पट्ट्या गंजवते. कानातल्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ६० पिनांच्या दोन्ही बाजू पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, मगच लावा. अॅडॅप्टर बदलायचा असेल तर व्होल्टबरोबर पिनची धन-ऋण बाजूही संचाच्या लेबलशी जुळवा. ती उलटी झाली तर आतला रेग्युलेटर जळू शकतो.

अस्सल मशीनचाच खेळ हवा असेल तर प्लेस्टेशनवरचं १९९५ चं नामको म्युझियम, पहिला भाग, किंवा २०१६ मध्ये पीएस४, एक्सबॉक्स वन आणि पीसीसाठी आलेली आवृत्ती घ्या. घरी नकली संच असेल आणि वर सांगितलेल्या दोन गोळ्या दिसत असतील, तर तोही ठेवून द्या.