फाइल रेपोतून काढायची आहे, पण नेमकी कुठून?

टीमच्या गिट रेपोतली (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यातली) फाइल उडवायची म्हटलं की आपण आधी कमांड शोधायला लागतो. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. फाइल आजच्या कोडमधून जायला हवी, की ती आपल्या मशीनवर ठेवून फक्त गिटने तिच्यावर लक्ष ठेवणं थांबवायला हवं, की ती कधी होती याचा मागमूसही उरायला नको? या तिन्हींसाठी मार्ग वेगळे आहेत आणि तिसरा मार्ग पहिल्या दोघांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

जुना, कोणी वापरत नसलेला कोड काढायचा असेल तर साधं 'गिट आरएम' पुरतं. फोल्डरसाठी त्याला '-आर' जोडायचं, कमिट करायचं (बदल इतिहासात नोंदवायचा), पुश करायचं (तो टीमच्या सामायिक रेपोत पाठवायचा). फाइल त्या कमिटपासून दिसत नाही, पण इतिहासात जशीच्या तशी राहते. त्यामुळे रेपोचा आकार तसूभरही कमी होत नाही. पण चूक झाली तर ती कधी गेली हे 'गिट लॉग'मध्ये सापडतं आणि त्याच्या आधीच्या कमिटमधून ती परत आणता येते. म्हणूनच 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून मेलेला कोड कमेंट करून ठेवणं मला अजिबात पटत नाही. बेधडक काढा, फक्त आधी 'गिट ग्रेप' लावून त्या फाइलचं नाव आणखी कुठे येतं का ते बघा. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये हमखास एखादा उल्लेख सापडतो. डिलीटचं कमिटही वेगळं ठेवा, म्हणजे रिव्हर्ट करायची वेळ आली तर दुसरं काम सोबत उलटत नाही.

फोल्डरच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. गिट रिकामं फोल्डर साठवतच नाही. आतली शेवटची फाइल गेली की तेही जातं. पण सहकाऱ्याच्या मशीनवर त्यात लॉग किंवा बिल्डच्या फाइली पडलेल्या असतील, तर गिट त्यांना हात लावत नाही. मग 'माझ्याकडे अजून दिसतंय' असा मेसेज येतो. ते फोल्डर ज्याचं त्याने हाताने काढायचं.

दुसरा मार्ग 'गिट आरएम --कॅश्ड'. एन्व्ह फाइल (आपल्या मशीनपुरत्या सेटिंग्ज आणि पासवर्डची), एडिटरच्या सेटिंग्ज, चुकून चढलेलं नोड मॉड्यूल्स (उतरवलेल्या लायब्ररींचं फोल्डर), अशांसाठी. फाइल तुमच्या डिस्कवर राहते, फक्त ट्रॅकिंगमधून निघते. सोबत गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नोंद हवीच, पण नुसत्या नोंदीने आधीपासून ट्रॅक होणारी फाइल सुटत नाही.

पण 'डिस्कवर राहते' हे फक्त तुमच्यापुरतं खरं आहे. मी हे एका कॉन्फिग फाइलवर शिकलो. माझ्याकडे सगळं ठीक होतं, म्हणून निश्चिंत मनाने पुश केलं. सकाळी टीमने पुल घेतला (सामायिक रेपोतले नवे बदल आपापल्या मशीनवर उतरवले) आणि ज्यांनी त्या फाइलमध्ये काही बदललं नव्हतं त्यांच्या मशीनवरून ती गुपचूप नाहीशी झाली. ज्यांनी बदल केले होते त्यांचा पुल अडला. इतरांच्या दृष्टीने ते सरळसरळ डिलीटच असतं. आता मी नमुना फाइल वेगळ्या नावाने रेपोत ठेवतो आणि पुश करायच्या आधी सगळ्यांना आपापली प्रत बाजूला काढायला सांगतो.

तिसरा मार्ग इतिहास पुन्हा लिहिण्याचा. त्यासाठी आज 'गिट फिल्टर-रेपो' वापरावं. जुन्या 'फिल्टर-ब्रँच'ऐवजी गिटची अधिकृत कागदपत्रंही तेच सुचवतात. 'बीएफजी' हे दुसरं साधन सोपं आणि वेगवान आहे, पण ते शेवटचं कमिट मुद्दाम सोडून देतं, त्यामुळे तिथली फाइल आधी स्वतः काढावी लागते. दोन्हींत फाइल ज्या कमिटमध्ये आली तिथपासून पुढच्या कमिटचे हॅश (ओळखीचे आकडे) बदलतात. त्यानंतर फोर्स पुश (सामायिक रेपोतला जुना इतिहास जबरदस्तीने बदलणारा पुश) आणि प्रत्येकाने नव्याने क्लोन (रेपोची पूर्ण प्रत). एकाने जरी जुन्या क्लोनमधून मर्ज करून पुश केलं, तरी काढलेली फाइल इतिहासासकट परत येते. उघडे पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) बिघडतात, फोर्कमधल्या (इतरांनी स्वतःच्या खात्यात घेतलेल्या रेपोमधल्या) प्रती तशाच राहतात.

एवढा खटाटोप कधी करावा? अवाढव्य फाइल चढून प्रत्येक क्लोन रखडत असेल, किंवा जी माहिती ठेवण्याचा आपल्याला हक्कच नाही ती आत गेली असेल, तर जरूर करावा. गिटहब (रेपो ठेवण्याची सेवा) १०० एमबीपेक्षा मोठी फाइल असलेला पुश नाकारतं; ते कमिट अजून तुमच्याच मशीनवर असतं, त्यामुळे पुशच्या आधी सुधारलं की भागतं, टीमला तोशीस नाही.

पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) पुश झाली असेल तर मात्र माझं मत ठाम आहे: आधी ती की रद्द करा, नवी घ्या, मग इतिहासाचं बघा. पुश झाल्यापासून ती कोणी क्लोन केली, कोणी उतरवून घेतली, हे सांगता येत नाही. रद्द झालेली की इतिहासात पडून राहिली तरी बहुतेक वेळा चालतं, आणि मग फोर्स पुशची गरजच उरत नाही. इतिहास पुन्हा लिहायचाच असेल तर दिवस ठरवा, सगळ्यांचं काम पुश करून घ्या, आणि जुन्या रेपोचा एक मिरर क्लोन (सगळ्या शाखांसकट पूर्ण प्रत) मर्यादित लोकांच्याच हाती राहील अशा जागी ठेवा. टीमचं काम नव्या क्लोनवर सुरळीत चालतंय याची खात्री झाली की तोही पुसा, नाहीतर काढलेली फाइल तिथे शिल्लक आहेच.