अतिनवताऱ्याचा स्फोट संगणकावर: एकमिती, द्विमिती की त्रिमिती?

महाकाय ताऱ्यांच्या स्फोटाची (सुपरनोव्हाची) संगणकावर नक्कल करायचं ठरवलंत, की पहिला प्रश्न मितींचा येतो. माझं मत आधीच सांगतो: महासंगणकावर भरपूर वेळ मिळणार नसेल तर एकमिती घ्या, आणि द्विमितीच्या मोहात पडू नका.

अडचण कुठे आहे? सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याचा लोखंडी गाभा कोसळतो, अणुकेंद्रकाइतका घट्ट होतो आणि उसळी घेतो. त्यातून निघालेला आघात-तरंग वाटेतलं लोखंड फोडता फोडताच दमतो आणि केंद्रापासून साधारण १५० किलोमीटरवर अडकतो. सूर्याच्या एक दशांश वस्तुमानाएवढं लोखंड फोडायलाच स्फोटात तारा उडवून देणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा लागते! अडकलेल्या तरंगाला पुन्हा उठवायचं काम मुख्यतः न्यूट्रिनोंचं, म्हणजे पदार्थातून जवळपास न अडता जाणाऱ्या सूक्ष्म कणांचं. सुटणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के तेच घेऊन जातात. त्यातला थोडासा वाटा तरंगामागच्या वायूत मुरला तरी पुरतं.

एकमितीत सगळं फक्त त्रिज्येवर मोजतात. जीआर१डी हा खुला कोड साध्या संगणकावर चालतो आणि सामान्य सापेक्षताही (आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) धरतो. पण तापलेल्या वायूला वर यायला आणि थंड वायूला खाली जायला जागाच नसल्यामुळे अगदी हलके तारे वगळता स्फोट होतच नाही. तरीही पाया म्हणून एकमिती भरवशाची. २०१८ मध्ये सहा वेगवेगळे कोड एकमितीत २० सूर्यवस्तुमानाच्या एकाच ताऱ्यावर तपासले गेले, तेव्हा उत्तरं छान जुळली.

द्विमितीत स्फोट होतात, चित्रंही देखणी येतात. मला खटकतं ते इथेच. सममितीच्या अक्षाभोवती सगळं फिरवलेलं असल्याने पडद्यावर दिसणारा बुडबुडा प्रत्यक्षात वळं असतो. शिवाय द्विमितीत खळबळीची ऊर्जा छोट्या भोवऱ्यांकडून मोठ्यांकडे सरकते. खऱ्या अवकाशात नेमकं उलट. म्हणून तरंगाला ढकलणारे मोठे बुडबुडे द्विमितीत फुकटात मिळतात. चाचण्या करायला ठीक, पण ‘तारा फुटला’ एवढ्या निष्कर्षावर विसंबू नका.

त्रिमिती एका ताऱ्यासाठी लाखो-कोटी कोअर-तास (प्रोसेसरचा एक गाभा एक तास चालणं म्हणजे एक कोअर-तास) खाते. न्यूट्रॉन ताऱ्याला सेकंदाला शेकडो किलोमीटरचा धक्का का बसतो किंवा गुरुत्वीय लहरी कशा दिसतील, हे विचारायचं असेल तर मात्र तिला पर्याय नाही. तिथेही पारडं नाजूकच: २०१५ मध्ये जर्मनीतल्या गार्चिंगच्या संशोधक गटाने न्यूट्रिनोंच्या विखुरण्यात छोटीशी दुरुस्ती केली, आणि आधी न फुटणारा २० सूर्यवस्तुमानाचा तारा फुटला. त्यामुळे एकाच त्रिमिती धावेवर प्रबंध उभा करणं मला धाडसाचं वाटतं.

शेकडो ताऱ्यांपैकी कोणाचा न्यूट्रॉन तारा होईल आणि कोणाचं कृष्णविवर, असा प्रश्न असेल, तर एकमितीतच खळबळीचा अंदाजी परिणाम मिसळणारी स्टिरसारखी पद्धत घ्या. आणि स्फोटानंतरचा प्रकाश दिवसागणिक कसा बदलतो एवढंच हवं असेल, तर गाभ्यात डोकं घालूच नका. स्नेक या एकमिती कोडमध्ये ऊर्जा बाहेरून टाकता येते आणि काम भागतं.