स्कॅनर घ्यावा की प्रेशर गेज?

भाच्याची बारा वर्षं जुनी एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पंपाने प्रेशरखाली पेट्रोल फवारणारी) बाइक चढाला दम टाकते. त्याचा प्रश्न एकच: "मामा, स्कॅनर मागवू की फ्युएल प्रेशर गेज?" स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, गेज म्हणजे पेट्रोलचं प्रेशर दाखवणारा काटा.

आधी एअर फिल्टर, प्लग आणि चिकटलेला ब्रेक बघ म्हटलं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्कॅनर वापरायला सोपा, पण 2020 च्या बीएस-6 (प्रदूषणाचे नियम) आधीच्या दुचाकींना ओबीडी, म्हणजे बिघाड स्वतःच नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची नव्हती. स्कॅनर जोडायचा सॉकेटही बऱ्याच कंपन्यांचा वेगळा, म्हणजे अडॅप्टरचा खर्च आलाच. काही गाड्यांत मीटरवरचा पिवळा दिवा लुकलुकून कोड फुकटात सांगतो. सेन्सर किंवा वायर तुटली तर हे लगेच कळतं. पण थकलेला पेट्रोल पंप? त्याचा कोड बहुतेकदा येतच नाही.

माझ्या गाडीचं असंच झालं. खंबाटकी घाटात साठच्या वर जाईना, दिवा मात्र गप्प. गेज लावला: आयडलला (गाडी नुसती चालू असताना) प्रेशर 3 बार, रेस केली की काटा 2 बारपर्यंत खाली. टाकीतली पंपाची जाळी काळीकुट्ट निघाली. गेजला मेहनत जास्त, शिवाय पेट्रोलचा पाइप काढण्याआधी प्रेशर सोडावं लागतं, नाहीतर पेट्रोल थेट गरम इंजिनावर उडतं. टिकायला मात्र दणकट. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

दिवा लागत असेल, गाडी मधूनच बंद पडत असेल तर आधी कोड बघ. दिवा नाही आणि फक्त चढाला, वेगात जीव जातोय, तर गेज घे. दोन-तीन जुन्या गाड्या घरीच सांभाळत असशील तरच दोन्ही.