झोपाळ्याची फळी: साग की फणस?
कोकणातल्या ओटीवर दोन्ही दिसतात. फरक रंधा मारताना कळतो. सागाच्या रेषा बहुतेक सरळ, रंधा सुरळीत चालतो. फणसाच्या उलटसुलट, पातं जरा बोथट असलं की ढलपे उडून खड्डे पडतात. धार ताजी ठेवा, छिलका पातळ काढा.

साग तेलकट असतो, म्हणून जोडावर सरस नीट धरत नाही. आधी थिनरने पुसून लगेच चिकटवा. फणस पिवळाधमक निघतो आणि उजेडात तपकिरी होतो, उगाच रंग देऊ नका. ओला फणस मात्र हमखास वाकतो. दीड इंची फळी सावलीत वर्षभर तरी वाळू द्या. बाहेरचं पांढरं लाकूड दोन्हींत काढून टाका, कीड तिथूनच लागते. पावसाचे शिंतोडे येत असतील तर सागच.